न धुतलेला घागरा

आमच्या बैठकीत काचेच्या कपाटात एक घागरा टांगलेला आहे. शेजारी कांचळी आणि ओढणी. तिन्ही कपडे मळलेले आहेत. आमच्या घरात न धुतलेलं दुसरं कापड नाही. पायपुसणीसुद्धा दर आठवड्याला साबणाच्या पाण्यात जातात. पाहुणे कपाटासमोर थांबतात, आणि वन्सं त्यांना सांगतात की सतराव्या शतकात किल्ल्याच्या बांधकामावर राबणारी बाई असे कपडे घालायची. कापड हातमागाचं, शिलाई हाताची, डाग खरे.

डाग खरे आहेत. ते कसे पडले ते मी पाहिलं आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. कॉलेजात इतिहास शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि झाशीच्या लक्ष्मी गेटच्या आतलं हे घर त्यांच्या शिस्तीवर चालतं. घराणं कारभाराच्या कामाने दक्षिणेतून इकडे आलं त्याला आता बऱ्याच पिढ्या झाल्या, पण सोवळ्याची वळणी अजून अंगणात वेगळी बांधलेली असते. माझे वडील मालगाडीचे गार्ड होते, भुसावळहून बदलून झाशीला आले. त्यामुळे या घरात मी रेल्वेवाली. "काय गं रेल्वे, आज गाडी उशिरा?" ही वन्संची मला उठवायची पद्धत. मी एका हिंदी दैनिकात बातम्या दुरुस्त करते. विशेषणं काढणं हे माझं मुख्य काम.

किल्ल्याच्या पायथ्याशी दिवाळीनंतर एक प्रयोग होणार होता. किल्ला बांधला जात असतानाचं दृश्य, त्या काळातले कपडे घालून, त्या काळातल्या हत्यारांनी. दिग्दर्शक बाहेरगावचे होते. बायकांच्या कपड्यांची जबाबदारी त्यांनी वन्संकडे दिली.

मराठी मंडळाच्या बायकांना हे कळल्यावर त्या घरी आल्या. सगळ्यांकडे नऊवारी होतीच, नथी होत्या.

"आम्ही दहा-बाराजणी येऊ शकतो," एक म्हणाली. "कासोटा घालून काम करायला सोपं पडतं. शिवाय शोभतंही."

"शोभतं," वन्सं म्हणाल्या. "पण सतराव्या शतकात झाशीत एखादी मराठी बाई असलीच, तर ती वाट चुकलेली असणार. तुमच्यापैकी वाट चुकलेली कोण?"

चहा न घेता बायका गेल्या. त्यानंतरच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आम्हाला आलं नाही.

वन्संचं काम मात्र पक्कं होतं. किल्ला बांधला तो ओरछ्याच्या राजाने; तिथल्या महालांत त्या कितीदा तरी गेल्या, छतांखाली मान वर करून उभ्या राहिल्या. छतांवर राण्या होत्या, नर्तकी होत्या, हत्ती आणि शिकार होती. राबणारी बाई तिथे कोणी रंगवलेली नव्हती. ती त्यांना मोगल चित्रांच्या छापील प्रतींत सापडली, जिथे किल्ल्याचं बांधकाम चाललेलं दाखवलं आहे. चित्राच्या कडेला बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चढताहेत. घागरा घोट्याच्या वर. पुढचा घोळ कमरेत खोचलेला. कांचळी पाठीवर उघडी, फक्त आडव्या बंदांनी बांधलेली. पायांत काही नाही.

त्यावरून आम्ही शिवलं. मी हातशिलाई आईकडून शिकले होते, आणि वन्संना ती येत नव्हती. "रेल्वेवाल्यांना टीप घालता येते," त्या पाहुण्यांना सांगायच्या, "कुठे घालायची ते सांगावं लागतं."

कुठे घालायची हे त्यांनी खरोखर शोधून काढलं होतं. मी पहिल्यांदा घागऱ्याला कळ्या कापायला बसले तेव्हा त्यांनी माझ्या हातातून कात्री काढून घेतली. कळी कापली की तिरपे तुकडे वाया जातात. हातमागाचं कापड अरुंद असतं आणि गरिबाच्या घरी कात्रीने कापड वाया जात नाही. म्हणून सरळ पट्टे जोडायचे आणि सगळा घेर नेफ्यात चुणून घ्यायचा. कांचळीच्या बगलेत चौकोनी तुकडा बसवायचा, नाहीतर हात वर केला की शिवण उसवते. हुक नाही, पिन नाही. जाडाभरडा सुती कपडा आणि आल नावाच्या झाडाच्या मुळाचा तांबडा रंग. हे कापड एकेकाळी आपल्याच भागात रंगत असे, असं वन्सं म्हणाल्या. आता ते मागवावं लागलं. सुई जाड कापडातून जाईना. माझ्या बोटाला घट्टे पडले. घट्टे पाहून त्या म्हणाल्या, "छान. बोटंसुद्धा त्या काळातली झाली."

कपडे तयार झाले आणि वन्संना ते आवडले नाहीत. नवे दिसत होते. दगडाने घासले, सोड्यात बुडवले, उन्हात टाकले. तरी ते नाटकाच्या पेटीतले वाटत.

तेव्हा आमच्या गच्चीला चुन्याचा कोबा घालायचं काम चाललं होतं. अंगणात चुना भिजवायचा खड्डा होता. चुना वर वाहून नेणारी बाई गरौठ्याची. बुंदेलखंडात बाईला माहेरच्या गावावरून हाक मारतात, म्हणून ती गरौठावाली. पन्नाशीच्या आतली, सडसडीत, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं. वन्संनी ते गोंदण पाहिलं आणि त्यांना त्यांची बाई मिळाली.

त्यांनी तिला अंगणात बोलावलं आणि कपडे तिच्या हातात दिले. "रोज यही पहनकर चूना ढोना. समझी? फटे तो फटे, मैला हो तो हो. मैला ही चाहिए." मग म्हणाल्या की प्रयोगाच्या दिवशीही हे तीच घालेल, आणि टोपली डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे चालेल.

गरौठावालीने पुन्हा विचारलं. पुढे म्हणजे अगदी पुढे? लोक बघतील?

"शहर भर देखेगा."

त्या दिवसानंतर तिची चालच बदलली. मी दुपारी कामाला निघायचे तेव्हा ती जेवायला बसलेली असे, आणि तिने मला एकदा कारण सांगितलं. गावी तिची मोठी जाऊ होती. घर आणि शेत जावेकडे राहिलं. हिच्या नवऱ्याने हिला झाशीला आणलं आणि मग तो गेला. एका लग्नात, भरल्या पंगतीत, जाऊ म्हणाली होती की आमची धाकटी शहरात डोक्यावरून चिखल वाहते. पंगत हसली होती. आता जावेला निरोप गेला होता. प्रयोगाला ती बसने येणार होती.

"काम तो जेई आय, बहू जी," ती म्हणाली. काम हेच. "पर इमें ताली परहै."

काम तेच, पण यात टाळ्या पडतील. तिला एवढंच हवं होतं.

वन्संचे गुडघे दुखतात, त्या गच्चीवर चढत नाहीत. सकाळी गरौठावाली त्या तांबड्या घागऱ्यात दारातून येताना दिसे आणि संध्याकाळी त्याच घागऱ्यात जाताना दिसे. लांबून तेवढं पाहून वन्सं समाधानी होत्या. दिग्दर्शक पोशाख पाहायला यायचे होते. त्याच्या काही दिवस आधी वन्संनी तिला सांगितलं की कपडे आता आणून दे.

ती आणून देताना मी अंगणात होते. कपडे वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. तिने गुंडाळी सोडली. घागरा, कांचळी, ओढणी. साबणाचा वास. घड्या इतक्या सरळ की गादीखाली दाबून ठेवल्या असणार. एकही डाग नव्हता. एक टाका उसवलेला नव्हता. गच्चीवर गेली की पाण्याच्या टाकीआड ती आपलं जुनं लुगडं नेसत होती आणि खाली उतरताना पुन्हा घागरा घालत होती. नवे कपडे कोणी खराब करायला देतं यावर तिचा विश्वास बसला नव्हता. मोठ्या घरची बोलायची रीत असेल, असं तिला वाटलं.

वन्संनी घागऱ्याची कड उलटून पाहिली. मग म्हणाल्या, "धोया क्यों?"

"आपके घर में मैलो लत्ता देहरी के भीतर नईं आत," ती म्हणाली. "सो हम धोके ल्याए."

यात खोटं काही नव्हतं. कामाच्या पहिल्याच दिवशी तिचा पदर सोवळ्याच्या वळणीला लागला होता. वन्संनी त्या वळणीवरचं सगळं, वाळलेलंसुद्धा, तिच्यासमोर पुन्हा पाण्यात टाकलं होतं आणि तिला सांगितलं होतं की कामावरचं मळकं कापड उंबऱ्याच्या आत येता कामा नये. गरौठावालीने तो नियम लक्षात ठेवला होता.

वन्सं माझ्याकडे वळल्या. "सोवळं शिकलेली बेलदारीण," त्या मराठीत म्हणाल्या. "आता हिला कीर्तनाला बसवू."

गरौठावालीला मराठी कळत नव्हतं. ती हसली, कारण वन्सं हसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वन्संनी दोन बदल केले. टाकीआड ठेवलेलं लुगडं खाली मागवून कोठीत ठेवलं. आणि लोखंडी घमेलं बंद करून बांबूची टोपली दिली, कारण चित्रात टोपली होती. घमेल्यातून काही गळत नाही. टोपलीतून ओला चुना गळतो. कांचळी पाठीवर उघडी असते.

थोड्याच फेऱ्यांनंतर गरौठावाली खाली आली. "बाई साब, टोकनी लीप लें? चू रई." शेणाने सारवली की टोपली गळत नाही. शेजारीच गाय होती. सारवायला वेळ लागला नसता.

वन्संनी तिच्याभोवती एक फेरी मारली. कांचळीच्या कडेवर पांढरे ओघळ उतरायला लागले होते. त्यांनी चष्मा वर सरकवला. "लीपना नहीं," त्या म्हणाल्या. "टपकने दो. यही तो चाहिए."

दिवाळी झाली होती, तरी दुपारचं ऊन कडक होतं. घाम आणि चुना मिळून काय होतं ते गवंड्यांना माहीत असतं. गवंडी एकदा वरून म्हणाला, "अरे, पीठ जर जैहै ऊकी." पाठ भाजेल हिची. वन्संनी वर न बघता उत्तर दिलं की कोब्यात भेग पडली तर त्याचाही हिशेब होईल. तो पुन्हा कोबा चोपायला लागला.

संध्याकाळी तिची पाठ लाल होती. दुसऱ्या दिवशी फोड आले. तिसऱ्या दिवशी ते फुटले आणि कांचळी कडेला चिकटली. मी वन्संना सांगितलं की हे थांबवायला हवं, निदान डॉक्टरांना दाखवायला हवं.

"सतराव्या शतकात पाठी भाजत नव्हत्या असं वाटतं तुला?"

"तेव्हा टोपली सारवत असतील."

"असतील. सारवलेल्या टोपलीचे डाग पडत नाहीत." त्यांनी कॅमेरा मागितला. "रेल्वे, तिला उजेडात उभी कर. पाठमोरी."

मी गरौठावालीला घरी जायला सांगितलं. तिने नाही म्हणून मान हलवली. तिने पाठीवर हळद आणि तेल लावून घेतलं होतं आणि ती वाकून न बसता एका कुशीवर टेकून बसली होती. जाऊ निघायची तयारी करते आहे, ती म्हणाली. आता सोडलं तर बाईसाहेब घागरा दुसरीला देतील. टाळीपुरतं सोसायचं, मग पाठ काय, पाठ भरून येते.

दिग्दर्शक आले तेव्हा तिला अंगणाच्या मधोमध उभं केलं होतं. पूर्ण पोशाख, डोक्यावर टोपली. घागऱ्याची कड चुन्याने ताठ झाली होती, घोळ खोचून खोचून चुरगळला होता, चुंबळीखालची ओढणी विरली होती. दिग्दर्शकांनी कापड दोन बोटांत धरून पाहिलं.

"मैडम, ये कपड़े बोल रहे हैं," ते म्हणाले. "जो इन्हें पहनेगा, वही सबसे आगे."

गरौठावाली ताठ उभी राहिली. मग ते तिच्या मागे गेले.

"ये नहीं दिखा सकते," ते मागूनच म्हणाले. "बच्चे आएँगे, मेहमान आएँगे. लोग पूछेंगे, किसने किया."

वन्संना विचार करायला वेळ लागला नाही. "ये नहीं चलेगी. कपड़े चलेंगे."

"पहनेगा कौन?"

"मैं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. वळणीला पदर लागला म्हणून वाळलेले कपडे पुन्हा भिजवणारी बाई हे बोलली होती. दिग्दर्शकांना त्यात काही विशेष वाटलं नाही. वन्सं उंच आहेत, आवाज चांगला आहे, आणि निवेदनातल्या ओळी त्यांनीच लिहिल्या होत्या.

गरौठावालीने टोपली खाली ठेवली. "बाई साब, हम पाछें चल लें?" तिने विचारलं. "सबसे पाछें?"

"सबसे पीछे चलेगी," वन्सं म्हणाल्या, "तो पीठ ही तो दिखेगी."

दिग्दर्शक हसले. त्यांच्याबरोबर आलेले लोक हसले. गच्चीवरून गवंडी पाहत होता, तोसुद्धा हसला. मी हसले नाही, एवढंच नोंदवता येईल. त्याचा तिला काही उपयोग झाला नाही.

वन्संनी तिला सांगितलं की कपडे इथेच उतरवून ठेव, आणि या वेळी धुऊ नकोस. कोठीतलं लुगडं परत मिळालं. जाताना तिने मला विचारलं की जावेला आता उलटा निरोप धाडता येईल का. फोन लावला. जाऊ बसमध्ये बसली होती.

दुसऱ्या दिवशी, प्रयोगाला, वन्संनी ते कपडे घातले. उघडी पाठ त्यांना चालेना, म्हणून आतून अंगाच्या रंगाचा बनियन घातला. चित्रातल्या कुठल्याही बाईच्या अंगावर बनियन नव्हता, पण ते मी बोलले नाही आणि दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. टोपली त्यांनी कोरडी घेतली. तिच्यात थर्माकोलचे दगड होते.

मी बातमीसाठी प्रेक्षकांपुढे बांधलेल्या दोराजवळ उभी होते. गरौठावाली दोराच्या अलीकडे पहिल्या रांगेत जमिनीवर बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून. शेजारी जाऊ. जावेने नवी साडी नेसली होती, मांडीवर पिशवी होती, पिशवीत धाकटीसाठी आणलेले गावाकडचे लाडू. ती सारखी विचारत होती की तू अजून इथे काय करतेस, तिकडे तुझी वाट बघत असतील.

ढोल वाजला. दगड लादलेल्या उंटामागून बायका निघाल्या, सगळ्यांच्या पुढे वन्सं. दिव्यांच्या उजेडात चुन्याचे ओघळ ठळक दिसत होते. निवेदकाने सांगितलं की पोशाखाचा प्रत्येक डाग अस्सल आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या बराच वेळ चालल्या. वन्सं हळूहळू चालत होत्या, कारण त्यांचे गुडघे दुखत होते, आणि ते चालणं लोकांना कष्टाचं वाटलं.

जाऊ पुढे वाकून बघत होती. "जे तुमाओ लहँगा आय?" तिने विचारलं. हाच तुझा घागरा?

"हओ, जिज्जी."

"सो लहँगा घूम आओ," जाऊ म्हणाली, आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तुम इतईं धरीं रईं." घागरा फिरून आला आणि तू इथेच पडून राहिलीस. एक-दोघी हसल्या. मग जाऊ म्हणाली की घागरा तुझा नव्हताच. तू चुना वाहिलास, घागरा बाईसाहेबांचा. उगाच मला बसभाड्याचा भुर्दंड पाडलास.

गरौठावाली बसल्या जागी वळली, जावेकडे पाठ केली आणि पदर खांद्यावरून खाली सोडला. तिने झंपर घातला नव्हता; घालता येत नव्हता. पाठ मानेपासून कमरेपर्यंत सोललेली होती, काही ठिकाणी काळी खपली धरलेली. आणि त्या सगळ्यावर आडव्या फिक्या पट्ट्या होत्या, जिथे कांचळीचे बंद होते आणि चुना कातडीला लागला नव्हता. बंद मी शिवले होते. त्यांचं अंतर मला ओळखता आलं.

जावेने पाहिलं. समोर वन्सं परत फिरल्या होत्या आणि पाठमोऱ्या चालत होत्या; बनियनवर तेच बंद, तेवढ्याच अंतरावर. जावेने एकदा तिकडे पाहिलं आणि एकदा इकडे. घागरा कोणाचा होता हे आता तिला कळलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं.

तिने पदर उचलला आणि गरौठावालीच्या पाठीवर टाकला, हळू नाही, जसा ताटावर फडका टाकतात तसा.

"ढाँक लो," ती म्हणाली. "मान्स देख रए." झाकून घे, माणसं बघताहेत.

मग तिने पिशवीतला एक लाडू काढला, स्वतः खाल्ला, आणि पिशवी बंद केली. वन्सं घरी आल्यावर अंगणातच डोक्यावरून न्हाल्या.